न निघालेला धूर

"धुराकडं बघू नगंस, पोरी. धूर वाऱ्याचं ऐकतोय. बुडबुड्याकडं बघ. रस तयार झालाय का न्हाई, ते बुडबुडा सांगतोय."

आबांनी हे सांगितलं तेव्हा सुनेत्रा फ्रॉकच्या वयाची होती. काहिलीपासून चार हात लांब, गोड वाफेत डोळे बारीक करून उभी. आबा म्हणजे तिचे वडील पांडुरंग वरुटे, मोरणीच्या खोऱ्यातले नावाजलेले गुळवे. उसाच्या उकळत्या रसाची काहील नेमकी कुठल्या क्षणी उतरवायची, हे ज्याच्या नजरेवर ठरतं तो गुळव्या. क्षण हुकला तर गूळ एकतर पातळ राहतो नाहीतर करपतो. खोऱ्यातले निम्मे गुळवे आबांच्या हाताखाली तयार झाले होते आणि उरलेले त्यांच्या चेल्यांच्या हाताखाली.

आता सुनेत्रा पन्नाशीच्या उंबरठ्यावर आली होती. पुण्यात उत्सर्जन-कर मंडळाच्या गणित विभागाची ती प्रमुख होती, आणि आबांचा शब्द मोडून तिनं सारं आयुष्य धुराकडे बघण्यातच घालवलं होतं.

तिचा नेम मात्र कधी मोडला नव्हता. पहाटे अंघोळ, देवापुढे निरांजन, पोथीचा एक अध्याय, मग चहा. मंडळाचे संचालक खानोलकर एकदा सकाळीच घरी आले होते. देव्हाऱ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ह्या निरांजनाचा कर कोण भरतं?"

"ज्याच्यापुढे लावलंय तो," ती हळूच म्हणाली. "त्याची थकबाकी अजून तरी निघालेली नाही."

त्या दिवशी पोथी मिटून ती उठतच होती, तेवढ्यात थोरल्या भावाचा, दिगंबरचा फोन आला.

"सुनी, परत वाढला बघ कर."

"किती?"

"किती ते इचारू नगंस. शेजारच्या खोऱ्यात न्हाई वाढला. पल्याड घाटाखाली न्हाई. आमचाच का? मागच्या साली हौसाक्काचं गुऱ्हाळ बसलं, यंदा खालच्या आळीतली तीन. आता आमचं एक आन् दत्तूचं एक. तुजं गणित आमच्यावरच का रुसलंय गं?"

"गणित कुणावर रुसत नाही, दादा."

"मग आमीच कायतरी केलं आसंल." त्यानं विषय बदलला. "आबांच्या श्राद्धाला येतीस न्हवं?"

"येते."

गणिताचं नाव होतं 'तोल'. हवा तापली होती, ते काही खोटं नव्हतं. मोरणी नदीनं स्वतःच दोनदा काठावरची घरं धुऊन नेली होती. धूर कमी करायचा तर त्याच्यावर कर बसवायला हवा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते कर कुणावर किती, याचं. प्रत्येक पुढारी आपला तालुका वाचवायचा आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा. शेवटी लोकच म्हणाले, की ह्यात माणसाचा हात नको. म्हणून कायदा झाला. कर 'तोल' ठरवेल, दर हंगामाला, आणि आलेला आकडा कुणालाही बदलता येणार नाही. मंत्र्याला नाही, संचालकाला नाही, आणि गणित लिहिणारीला तर मुळीच नाही. हे शेवटचं वाक्य सुनेत्रानं स्वतः आग्रह धरून कायद्यात घालून घेतलं होतं.

'तोल'चं काम तसं साधं होतं. उपग्रह दर दुपारी वरून जाई आणि कुठल्या खोऱ्यावर किती काजळी, किती मिथेन आहे ते टिपून ठेवी. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचीच चिपाडं जळतात. त्यांतला कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या वर्षीचा ऊस तो परत घेतो, म्हणून तो धरायचा नाही. पण चिपाड ओलं असलं, जाळ कोंडला, की काजळी निघते, मिथेन निघतो, आणि ती बाकी कुठलंच पीक परत घेत नाही. ती धरायची. मग प्रत्येक भागासाठी एक गोष्ट शोधायची, कर थोडा वाढवला तर धूर किती घटतो. काही ठिकाणी कितीही वाढवा, धूर हलत नाही. माणसं निमूट भरतात. काही ठिकाणी नुसता हात लावला तरी उतरतो. ह्याला त्या भागाचा 'झुकाव' म्हणायचं. जड पेटी उचलताना माणूस जिथं हात सहज बसतो तिथनंच उचलतो. 'तोल'ही तेच करी. ज्या भागाचा झुकाव मोठा, तिथं कर वाढवी. त्यामुळे साऱ्या राज्याला मिळून कमीत कमी चटका बसे. सुनेत्राला हा विचार धर्माच्या जवळचा वाटायचा.

आणि सगळ्या राज्यात सर्वांत मोठा झुकाव मोरणीच्या खोऱ्याचा होता.

कायदा येण्याआधी एक महिनाभर चाचणी-कर लावून सगळे झुकाव काढले होते. मोरणीचा आकडा बघून खानोलकरांनी भुवया चढवल्या होत्या. "एवढ्याशा करानं धूर जवळजवळ पुसला गेला? काही गडबड नाही ना?"

"माझं माहेर आहे ते," तेव्हा सुनेत्रा म्हणाली होती. "तिथली माणसं समजूतदार आहेत."

तेव्हा ती नुकतीच आबांचे दिवस उरकून परतली होती. पडद्यावर कर वाढताच खाली उतरत गेलेली ती सरळ, देखणी रेघ बघून तिचे डोळे भरून आले होते. आबांनी जाता जाता आशीर्वाद दिला, असं तिला वाटलं होतं.

*

श्राद्धाला खोऱ्यातली बरीच माणसं आली. शालनवहिनीनं पुरणाचा घाट घातला होता. गूळ घरचाच, ढेप फोडली की आत सोन्यासारखा रवा. पंगती उठल्यावर बायका परसदारी बसल्या. हौसाक्का भिंतीला टेकून पानाचा देठ खुडत होती. नदीकडच्या अंगाला तिचं गुऱ्हाळ होतं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं, पोरांची लग्नं केली, आणि मागच्या साली बंद केलं. पोरं शहराकडे गेली. ती मात्र गेली नाही.

"सुनेत्राबाई," ती म्हणाली, "तुमी म्हनं त्यो कर ठरविता."

"मी नाही हो, अक्का. यंत्र ठरवतं."

"यंत्र कुनी केलं?"

सुनेत्रानं पानाचं तबक तिच्याकडे सरकवलं.

"बगा, मी भांडाय आलो न्हाई," हौसाक्का म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. "हुतं ते गेलं. विजेच्या काहिली घ्या म्हनाले, मी हू म्हनलं. वीजच न्हाई आली, काहील कशाला यील? तेबी सोसलं. पर रातीला एकच इचार येतोय. पल्याडच्या खोऱ्यात आमच्यापरास जादा धूर. मंग आमीच का? आमचं काय चुकलं? येवडं हुडकून सांगा. बास. मला परत कायबी नको."

"सांगते," सुनेत्रा म्हणाली.

"नुसतं सांगते न्हवं. वचन द्या. मोटी मानसं सांगतो म्हनत्यात आन् गाडीत बसत्यात."

सुनेत्रानं तिचा हात हातात घेतला. जाळापुढे काढलेल्या वर्षांनी त्या हातावरची लव कायमची गेली होती. "वचन दिलं, अक्का. तुमच्या दारात येऊन सांगेन."

"मंग झालं." हौसाक्कानं पान तोंडात टाकलं. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "पर आबा गेलं तवा मातर खोऱ्यानं मान राखला बगा. म्हैनाभर कुनाच्या चुलवानातनं धूर निगाला न्हाई."

"तेरा दिवस," कुणीतरी म्हणालं.

"कशाचं तेरा? रीत काय हाय? गेलेल्या गुळव्याच्या घरचं रसाचं पयलं आदण चढल्याबिगर दुसऱ्यानं जाळ घालायचा न्हाई. आन् दिगंबर तर उठतच न्हवता. सगळी थांबली. माजा तोडलेला ऊस वाळून चिपाड झाला, पर जाळ न्हाई घातला."

पाण्याचा तांब्या शालनवहिनीच्या हातात तसाच राहिला. "ह्यास्नी चुलवानाकडं बघवतच न्हवतं," ती हळूच म्हणाली. "काडी वडायची आन् विझवायची."

सुनेत्रा उठली. आत जाऊन देव्हाऱ्यापाशी बसली. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. आबा पौषात गेले. चाचणीचा महिना तोच होता. सुतकात असताना अंगणातून तिनं थंड चुलवाणं पाहिली होती, रोज पाहिली होती. आणि पुण्यात परतल्यावर पडद्यावर धूर पुसलेला पाहिला होता. दोन्ही एकच आहे, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. आबांची लेक निराळी होती आणि गणित मांडणारी बाई निराळी. दोघींची कधी गाठच पडली नाही.

खोऱ्यानं आबांसाठी जाळ घातला नव्हता. 'तोल'नं वाचलं, की कराला भिऊन घातला नाही.

*

पुण्याला येऊन तिनं पहिलं काम केलं ते चाचणीच्या महिन्यातल्या मोरणीच्या नोंदी बाजूला काढण्याचं. कायद्यानं ती मुभा होती. निकाल बदलायचा नाही, पण नोंद चुकीची निघाली तर सुधारायची. तिनं गणित पुन्हा पहिल्यापासून चालवलं. मोरणीची रेघ सावकाश आडवी होत गेली, शेजारच्या खोऱ्यासारखी, चारचौघांसारखी. सुनेत्रानं हात जोडले.

मग पुढच्या वर्षांच्या नोंदी एकेक करून आत आल्या, आणि रेघ परत कलू लागली. शेवटी ती जिथं होती तिथंच येऊन थांबली.

तिनं पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. काय झालं होतं ते कळायला तिला वेळ लागला नाही. पहिला झुकाव चुकीचा होता. त्या चुकीमुळे मोरणीवर कर जास्त बसला. जास्त कर बसल्यामुळे गुऱ्हाळं खरोखरच बंद पडली. गुऱ्हाळं बंद पडल्यामुळे धूर खरोखरच घटला. आता कर वाढला की मोरणीत धूर उतरतो, ही गोष्ट अगदी खरी होती, वर्षावर्षाच्या नोंदींनी सिद्ध झालेली. खोटं बी पेरलं होतं, पण उगवलेलं पीक खरं होतं. आणि 'तोल' पीक बघत होता.

तिनं सगळं खानोलकरांपुढे ठेवलं. खानोलकर सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला.

"तुमच्या वडिलांच्या सुतकाचा महिना," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी विचारलं होतं तुम्हांला."

"विचारलं होतं. मी म्हटलं होतं, माणसं समजूतदार आहेत."

"ती समजूतदारच निघाली की." मग त्यांनाच आपलं बोलणं लागलं असावं. "बसा हो. नोंद सुधारू आपण. पण सुधारूनही आकडा तोच येतोय ना?"

"तोच येतोय. म्हणून म्हणते, ह्या एका खोऱ्यापुरता हात घालू या. अपवाद."

"कोण घालणार हात? कायद्यातलं ते वाक्य तुम्हीच घातलंत. आज मोरणीला अपवाद केला, तर उद्या दारात रांग लागेल. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी गेलेलं असतं, मॅडम." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "बरं, तरी धरून चला की घातला. मोरणी सोडली तर तेवढा धूर दुसरीकडून काढावा लागेल. कुठून, तेही हा सांगतोय. बघा."

सुनेत्रानं बघितलं. पूर्वेकडच्या भातगिरण्या. तिथलीही घरं, तिथल्याही बायका, ज्यांची नावं तिला माहीत नव्हती. त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. कुणासाठी महिनाभर जाळ थांबवण्याएवढंही नाही.

"सांगा," खानोलकर म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "तुम्ही म्हणाल त्या कागदावर मी सही करतो आणि घरी जातो. मलाही आता दोनच वर्षं काढायचीत. त्यांच्यावर टाकू?"

एवढ्या वर्षांत जे ती देवाच्या तराजूसारखं मानत आली होती, त्यात चूक अशी कुठंच नव्हती. प्रत्येक पायरी बरोबर होती. फक्त पहिल्या पायरीखाली तिच्या आबांचं प्रेत होतं, आणि तिथून आता कुणालाच खाली उतरता येत नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. चुकीची नोंद झाली होती, एवढं अहवालात लिहा. माझ्या नावानं."

"लिहितो. वाचणार कोण ते?"

तिनं पडदा परत त्यांच्याकडे वळवला.

*

हंगाम संपायच्या आत दिगंबरनं गुऱ्हाळ बंद करायचं ठरवलं. शेवटचं आदण झालं त्या दुपारी सुनेत्रा गावी होती. दिगंबरनं काहील स्वतः उतरवली, गूळ थंड व्हायला वाफ्यात ओतला, आणि हात धुऊन पायरीवर येऊन बसला. चुलवाणात निखारे अजून लाल होते. शालनवहिनीनं दोघांपुढे काकवीच्या वाट्या ठेवल्या. कुणी हात लावला नाही.

तेव्हा सुनेत्रानं त्याला सगळं सांगितलं. सावकाश, मधला एकही टप्पा न गाळता. दिगंबर शाळेत तिच्याहून हुशार होता. तो आबांपाशी राहिला म्हणून ती शिकू शकली. त्याला एकदाच ऐकून समजलं.

त्यानं निखाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे मी काडी वडली आसती तर."

"दादा, तसं नाही."

"कसं न्हाई? तेराव्याला आदण चढवलं आसतं, तर निम्मा म्हैना धूर निगाला आसता. रेघ का काय ती तुजी, येवडी वाकडी झाली नसती." तो हसल्यासारखा झाला. "लोक थांबली माज्यासाटी. आन् मी पडून ऱ्हायलो, भिताडाकडं तोंड करून."

"आणि मी म्हटलं माणसं समजूतदार आहेत," सुनेत्रा म्हणाली. "बापाच्या दुःखात तू काडी ओढली नाहीस. मी डोळे उघडे ठेवून चूक वाचली. ह्यात तुझं काय आहे?"

"कुनाला सांगितलंस?"

"अजून नाही. हौसाक्काला वचन दिलंय."

दिगंबर एकदम ताठ झाला. "न्हाई. सांगायचं न्हाई."

"दादा—"

"ऐक. ह्या खोऱ्यात घराघरात आबांचा फोटू हाय. दसऱ्याला काहिलीची पूजा हुती, तवा देवाच्या शेजारी आबांना हार घालत्यात. उद्या कळलं की त्यांचा मान राखला म्हनून आपली गुऱ्हाळं बसली, तर काय करतील? काय न्हाई म्हननार तोंडावर. फोटू हळूच काढून ठेवतील. गुऱ्हाळ गेलं माजं, जाऊ दे. त्यो मान तेवडा ऱ्हायलाय. त्योबी नेतीस?"

तो खोटं बोलत नव्हता. सुनेत्रालाही तेच भय होतं. पुण्याहून येताना सारी वाट ती तेच घोळवत आली होती. सांगून कुणाचं चुलवाण पेटणार नव्हतं. कर उतरणार नव्हता. गेलेली पोरं परत येणार नव्हती. न सांगितलं तर मात्र एक म्हातारी, आपलं काय चुकलं हे शोधत, अंथरुणावर कूस बदलत राहणार होती.

शालनवहिनी चुलवाणाच्या तोंडाशी बसून राख ओढत होती. तिकडनंच म्हणाली, "हौसाक्का मला परवा काय म्हनली ठावं हाय का? म्हनली, माज्या हातनं देवाचं कायतरी ऱ्हायलं आसंल गं. आता ह्या वयात उपास धरलेत तिनं. कशासाटी, तर काय चुकलं त्ये ठावं नसलेल्या चुकीसाटी."

दिगंबरनं बायकोकडे बघितलं आणि मान फिरवली.

सुनेत्रालाही नेमधर्म होते, उपास होते. पण प्रत्येकाचं कारण तिला माहीत होतं. कारण नसलेला उपास कसा असेल, ते तिनं मनात आणून बघितलं आणि तिला ते सोसवलं नाही.

ती उठली. गुऱ्हाळाबाहेरच्या नळाखाली पाय धुतले, पदर खांद्यावरून नीट घेतला. काकवीची वाटी उचलली आणि तशीच वहिनीच्या हातात दिली.

"जेवायला थांबशील न्हवं माघारी?" वहिनीनं विचारलं.

"हौसाक्कानं जेवायला बसवलं तर तिकडंच बसेन. नाही बसवलं तर येते."

दिगंबर पायरीवरच होता. ती त्याच्या अंगावरून पुढे गेली तरी त्यानं वर पाहिलं नाही. ती बांधापर्यंत पोचली, तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"नदीकडनं जाऊ नगंस. धरनाचं पानी सोडलंय, पाऊलवाट बुडलीय. वरच्या अंगानं जा."

"बरं," ती म्हणाली, आणि वरच्या वाटेला लागली.